जावईबापूंचा बोलका कोबा

आपल्या सिमेंटला सगळं कळतं, असं जावईबापू येईल त्याला सांगत. न्हाव्याकडे सांगत, बसमध्ये सांगत, दातांच्या डॉक्टरकडे आ वासलेला असतानाही सांगत. सिमेंटमध्ये त्यांनी केसाहून बारीक असे कार्बनचे तंतू आणि काजळीसारखी कसलीशी पूड कालवली होती. त्यातून वीज सोडायची. वर भार आला की विजेला वाट सोपी होते आणि मोबाइलवर आकडा चढतो. म्हणजे पूल पडायच्या आधी पूलच सांगणार, बाबांनो, पळा!

अशा सिमेंटचा नवा पूल बांधायचा की नाही, हे बड्या साहेबांच्या हातात होतं. साहेब म्हणाले, आधी प्रत्यक्ष दाखवा. झालं, जावईबापूंनी बाहेरच्या खोलीतली धडधाकट फरशी उखडली आणि तिथे हा कोबा घातला. साहेबांनी नाही म्हटलं तर पूलही गेला आणि फरशीही, हे बायको रोज जेवताना ऐकवायची.

साहेब यायच्या दिवशी जावईबापूंनी कोरड्या कोब्यावर आकडा शून्याला आणला, खोलीत कोणीही पाय ठेवायचा नाही अशी ताकीद दिली आणि साहेबांना आणायला कोपऱ्यापर्यंत गेले. त्यांच्याकडेच राहणाऱ्या सासूबाईंनी ताकीद तंतोतंत पाळली. पण एवढा मोठा माणूस घरी येणार आणि खाली धूळ? त्यांनी आतल्या दारातूनच बादली ओतली आणि लांब दांड्याच्या फडक्याने जमीन लख्ख केली. वरचं पाणी निपटलं, उरलेलं कोब्याने पिऊन टाकलं.

साहेबांनी उंबऱ्यात बूट काढून पहिलं पाऊल टाकलं आणि मोबाइलवर भरलेल्या ट्रकाचा आकडा आला. एवढा भार म्हणजे वरचा मजला खाली बसतोय! जावईबापूंनी साहेबांना बखोटीला धरून बाहेर काढलं, बायकोला हाका मारल्या, वरच्या वकिलांना गालावरच्या फेसासकट जिना उतरवला. सगळी इमारत रस्त्यावर आली, साहेब मोज्यांवर. आणि आकडा चढतोच आहे.

"आत कोणी नाही, मग भार कोणाचा?" साहेबांनी विचारलं.

तेवढ्यात खिडकीत सासूबाई दिसल्या. त्या बाहेर आल्याच नव्हत्या. खोलीत पाय ठेवायचा नव्हता, आणि बाहेरची वाट त्याच खोलीतून होती ना!

"जावईबापू, जरा वाळू द्या हो," त्या म्हणाल्या. "आत्ताच पुसलंय."

ओल लागली की विजेला वाट आणखी सोपी होते, हे जावईबापूंना तेव्हा आठवलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं, पण ती धरणीही त्यांच्याच सिमेंटची.

साहेब हसले नाहीत. त्यांनी मोबाइल आपल्या हातात घेतला.

"म्हणजे पुसलंय की नाही, हे याला कळतं?"

"कळतं," जावईबापू पुटपुटले.

पूल साध्याच सिमेंटचा झाला. जावईबापूंचा कोबा मात्र साहेबांनी आपल्या कचेरीतल्या सगळ्या संडासांत घालून घेतला. आपल्या सिमेंटला सगळं कळतं, असं जावईबापू हल्ली कोणाला सांगत नाहीत. लोक लगेच विचारतात, कुठे घातलंय?