एक गोल आणि सात फुल्या

माणसानं कुठल्याही खात्यातून रिटायर व्हावं, इन्स्पेक्शनमधून होऊ नये. नोकरी सुटते, सवय सुटत नाही. मी तेहतीस वर्षं डिफेन्सच्या फॅक्टरीत माल तपासला. आता माल येत नाही, म्हणून घरी बिजागऱ्या तपासतो, दुधाची पिशवी तपासतो, वरणातलं मीठ तपासतो. (आमच्या अनसूयाबाईंचं म्हणणं असं, की स्वतःला सोडून मी सगळं तपासतो. तीस वर्षांच्या संसारानंतर बायका असं बोलतातच.)

त्याच सवयीतून ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी एक छोटासा निर्णय घेतला. हॉलच्या छतावरचा ओला डाग यंत्रानं तपासायचा.

हा डाग म्हणजे साधासुधा डाग नव्हता. पाऊस संपून तीन आठवडे झाले, हिंदी मुलखातल्या आमच्या महाराजपूरच्या सगळ्या गच्च्या वाळल्या, पण हा आपला ओलाच. पुण्याहून आमचा प्रथमेश तीन वर्षांपासून म्हणत होता, की बाबा, ते घर विका आणि इकडे या. तीन वर्षं अनसूया ‘बघू’ म्हणायची. पण एका दुपारी डागाचा एक पोपडा सुटून थेट तिच्या ताटात, कढीत पडला. तिनं तो चमच्यानं बाहेर काढला, ताटाच्या कडेला ठेवला आणि शांतपणे निकाल दिला.

‘दिवाळीपर्यंत छत वाळलं तर राहू. नाही वाळलं तर पुणं. मी काही छत्री धरून जेवायला नाही बसणार.’

आता खरं सांगतो, मला हे घर सोडायचं नव्हतं. पुण्यात मला प्रथमेशच्या बिल्डिंगचा वॉचमनसुद्धा ओळखत नाही. इथे स्कूटरवर जवळच्या कांचघर वस्तीपर्यंत जायचं तर चार ठिकाणी चहासाठी थांबावं लागतं. या विचारानं मला झोप येईना. त्यात मिस्त्रीनं येऊन सांगितलं, की पाणी कुठून शिरतंय ते कळत नाही, सगळ्या गच्चीचा कोबा फोडावा लागेल. सगळी गच्ची फोडायची तर दिवाळी काय, होळीही गेली असती.

तेव्हा मला आठवला माझा भाचा अनुपम. तो विजेच्या कामावर आहे. तारांचे सांधे कुठे तापलेत ते बघायला त्याच्याकडे उष्णता दाखवणारा कॅमेरा असतो. मी त्याला फोन केला, आणि रविवारी तो कॅमेरा गळ्यात अडकवून हजर झाला.

अनुपमला मराठी सगळं कळतं, पण बोलताना अर्ध्या वाटेत त्याची गाडी हिंदीवर जाते. तो म्हणाला, ‘मामा, दिवसभर गच्ची तापते ना? सूरज डूबने के बाद सुकी जगह जल्दी ठंडी होती है. जिथे आत पाणी आहे ती जागा गरमच राहते. स्क्रीनवर पिवळी दिसेल.’

सूर्य मावळेपर्यंत वेळ होता, म्हणून मी घरातल्या चीजवस्तू तपासल्या. चहाचा कप पांढरा दिसला, फ्रिज निळा, माझं नाक जांभळं. अनसूयेचं कपाळ लालभडक दिसलं. मी म्हटलं, बघ, यंत्र खोटं बोलत नाही. त्यानंतर ते आणखी लाल झालं.

अंधारून आल्यावर आम्ही गच्चीवर गेलो. स्क्रीनवर सगळी गच्ची निळीशार, आणि जिन्याजवळ परातीएवढा एक पिवळा गोळा. मी खाली हाक मारली, की पाणी सापडलं, ये बघायला. अनसूया वर आली, तिनं स्क्रीन बघितला आणि म्हणाली, ‘काहून ओरडून राहिले? तिथे आताच मी गहू निवडत बसली होती.’ (तो गोळा पुढच्या पंधरा मिनिटांत थंड झाला. अनसूयेला मात्र दोन दिवस लागले.)

पण खरा चोर शेवटी सापडला. पाण्याच्या टाकीमागे एक पिवळा पट्टा होता, हलेना की निवेना. टाकी हॉलपासून दूर, पण अनुपम म्हणाला की पाणी एकीकडे शिरतं आणि कोब्याखालून फिरत दुसरीकडे टपकतं. मी खिशातून लाल खडू काढला (रिटायर झालो तरी खिशात खडू असतोच) आणि त्या पट्ट्याभोवती झकास गोल काढला. बाकी सात शंकास्पद जागा आम्ही तपासल्या. सगळ्या थंड निघाल्या. पुन्हा पुन्हा त्याच जागा बघाव्या लागू नयेत म्हणून अनुपम म्हणाला, ‘जो चेक हो गया उसे काटते जाओ मामा.’ मी सात ठिकाणी सात फुल्या मारल्या. त्या संध्याकाळी मला वाटलं, माझं घर वाचलं. मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी मी शालिग्रामला बोलावलं. हा वीस वर्षं माझ्या हाताखाली होता, आता रिटायर होऊन छोटीमोठी मिस्त्रीकामं करतो. सांगितलेलं काम करावं ते यानंच, वर तोंडातून शब्द नाही. मी त्याला म्हटलं, वर खडूनं मार्किंग केलंय, त्याप्रमाणे फोड. आणि गोहलपूरच्या दुकानातून गळतीवरचा मसाला आणायला निघालो. अर्ध्या तासाचं काम होतं. पण वाटेत भेटेल त्याला ‘उष्णतेवरून पाणी कसं शोधतात’ हे समजावून सांगितल्यामुळे साडेतीन तास लागले. दुकानदाराला तर मी आकृती काढून दिली.

परत आलो तर गच्चीवर सात खड्डे. आणि टाकीमागचा गोल जसाच्या तसा, अगदी झाडून स्वच्छ केलेला.

मी म्हटलं, ‘शालिग्राम, ये क्या किया?’

‘फेल वाला सब तोड़ दिया साहब. पास वाले को हाथ नहीं लगाया.’

‘पास किसने कहा?’

तो जरा दुखावला. म्हणाला, ‘आपने ही तो सिखाया था साहब. गोल मतलब पास, फुल्ली मतलब फेल. फुल्ली दिखे तो पूछना नहीं, तोड़ देना.’

खरंच मीच शिकवलं होतं. आमच्या सेक्शनमध्ये फेल झालेला माल तिथल्या तिथे हातोड्यानं ठेचायचा, म्हणजे तो चोरपावलांनी परत लाईनवर जाणार नाही, हा माझाच दंडक होता. तेहतीस वर्षांत माझी शिकवण इतकी तंतोतंत कोणी पाळली नव्हती, आणि पाळली ती माझ्या डोक्यावरच्या छतावर.

पुढे जे झालं त्यात मात्र शालिग्रामचा दोष नाही. टाकीमागचा गोल फोडला तेव्हा आत पाइपचा सांधा पाझरताना सापडला. एक वायसर बदलला, काम संपलं. सात खड्डे सिमेंटनं बुजवले. आता सिमेंटला पाणी पाजणं आलं. शालिग्राम म्हणाला, दोन-चार दिवस ओली पोती टाकू. पण माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. मी म्हटलं, काम पक्कं पाहिजे. प्रत्येक खड्ड्याभोवती मातीची पाळ घातली आणि सात छोटी तळी तुडुंब भरली. दहा दिवस मी ती रोज स्वतः भरली.

पाचव्या दिवशी स्वयंपाकघरात टपटप सुरू झालं. सातव्या दिवशी देवघरात. कोबा फोडताना त्याखालच्या जुन्या थरालाही चिरा गेल्या होत्या, हे मला दहाव्या दिवशी कळलं, आणि तेही पाणी माझ्या उशीवर पडलं म्हणून. तळी लगेच उपसली, पण दहा दिवस पाणी प्यायलेला कोबा टपकायचा थांबेना.

दिवाळीला प्रथमेश आला, तो घर बघायला एका गिऱ्हाइकालाच घेऊन. मी त्या गृहस्थाला आधी हॉलमध्ये नेलं. जुना डाग खडखडीत वाळला होता आणि मला ते दाखवायचं होतं. गृहस्थांनी तो बघितला. मग त्यांनी बाकीच्या खोल्यांमधून मान वर करून एक फेरी मारली, सात बादल्या मोजल्या, आणि चहासुद्धा न घेता निघून गेले. प्रथमेश सोफ्यावर बसून म्हणाला, ‘बाबा, ये घर अब कोई नहीं लेगा. दुरुस्तीलाच पाच-सहा महिने जातील.’

मला इतका आनंद झाला, की तो लपवायला मी बादली उचलून बाहेर गेलो. घर राहिलं होतं. कसंही का असेना, माझं घर राहिलं होतं. परत येऊन मी अनसूयेला म्हटलं, की चला, आता पुण्याचा विषय संपला.

ती कपाटातून साड्या काढत होती. म्हणाली, ‘तुमच्यापुरता संपला. मी जाऊन राहिली प्रथमेशसोबत. छत नीट झालं की फोन करा.’

‘आणि मी?’

‘तुम्हाला घर सोडायचं नव्हतं ना? मग सोडू नका. बादल्या बदलायला कोणीतरी पाहिजे.’

तीन दिवसांनी ती गेली. मला फार वाईट वाटलं. निदान स्टेशनवर तरी पोहोचवायला जावं असं मनात होतं, पण तेवढ्यात स्वयंपाकघरातली बादली भरत आली होती, म्हणून दारातूनच हात हलवला.