डायनिंग कारमधले मोतीराम काका

आमच्या शहापुरात मोतीराम काकांच्या घरी कुणालाही भरलेला कप मिळत नाही. चहा अर्धाच. कुणी कुरकुरलं तर काका शांतपणे समजावतात, "बाबू, वळनावर सांडते." काकांचं घर मात्र त्यांच्या वडिलांच्या काळापासून एकाच जागी उभं आहे.

काका रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये वाढपी होते. निवृत्त होऊन जमाना झाला, पण गाडी काही त्यांच्या अंगातून उतरली नाही. वाढताना ते एक गुडघा टेबलाला टेकवतात. संध्याकाळी जेवायला बोलवायचं असलं, की सकाळीच दारात येऊन ऑर्डर घेतात. व्हेज किती, नॉनव्हेज किती.

फार पूर्वी डबे आतून जोडलेले नसत, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. एका स्टेशनावर उतरून जेवणाच्या डब्यात चढायचं आणि पुढचं स्टेशन येईपर्यंत तिथंच बसायचं. त्यामुळे अनोळखी माणसंही एका टेबलावर बोलू लागत, असं त्यांच्या उस्तादांनी त्यांना सांगितलं होतं. पुढे टेबलं गेली, पॅन्ट्री कार आली. काकांना ते कधी रुचलं नाही. "पहिले मानूस जेवनाकडे जाये. आता जेवन मानसाकडे जाऊन राह्यलं."

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. नागपूरला मुलाखतीची शेवटची फेरी म्हणजे साहेबांबरोबर जेवण होतं, आणि काटा-चमचा मी कधी हातात धरला नव्हता. काकांनी उकडलेल्या बटाट्यांवर आठ दिवस माझी तालीम घेतली. नोकरी लागली. माझ्या पदवीइतकाच मी त्या बटाट्यांचा ऋणी आहे.

आईनं काकांना रविवारी दुपारी जेवायला बोलावलं. अडचण एकच होती. काकांना बसून जेवताना गावात कुणी पाहिलं नव्हतं. लग्नातही ते शेवटच्या पंगतीपर्यंत वाढत आणि मग उभ्यानंच दोन घास खात. काकू होत्या तेव्हाही घरी ओट्याशी उभेच. आई म्हणाली, "माह्या पोराले ज्यानं टेबलावर बसनं शिकवलं, तो माह्या घरून उभ्यानं खाऊन नाही जानार."

काका आले आणि आल्याआल्या पातोडीच्या भाजीचं भांडं त्यांनी ताब्यात घेतलं. बाबांना वाढलं, मला वाढलं, आईला वाढलं. बसा म्हटलं, तर म्हणाले, आधी पॅसेंजर. आईनं ताटाला हात लावला नाही. आम्हीही थांबलो. भात निवू लागला.

"भाऊजी," आई म्हणाली, "आमची गाडी उभी हाये. बसा."

काका बसले. बराच वेळ त्यांचे हात मांडीवरच होते.

"माही घरची असंच ताट समोर घेऊन बसून राहे," ते हळूच म्हणाले. "मी म्हनो, तू खाऊन घे, माहं होते."

आईनं त्यांच्या ताटात भात वाढला. काकांनी घास कालवला, पण तोंडात घातला नाही. आईनं तिचा पहिला घास घेईपर्यंत ते थांबून राहिले.