भाडं वाढू नये म्हणून

घरमालक भाडेवाढ सांगायला नेहमी रविवारी सकाळी येत. त्या वेळी भाडेकरू हमखास घरी असतो आणि पुरता जागा झालेला नसतो. त्या रविवारीही ते आले, चपला न काढता दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून पंचवीस टक्के जास्त. सगळीकडे तेच चाललंय."

ऐकणारा भाडेकरू कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्याचे ठसे आले की तो प्लास्टरचे साचे ओतायचा, मेणात एकेक दात बसवायचा आणि शेवटी कवळी अशी घासायचा की जिभेला कुठे टोचू नये. घरमालकांच्या तोंडातली वरची कवळी त्यानेच केली होती, तीही मजुरी न घेता. निदान वर्षभर तरी भाड्याचा विषय निघणार नाही, एवढीच त्याची आशा होती. त्याआधी घरमालकांचं निम्मं बोलणं हवेतच जायचं. आता 'भाडेवाढ' हा शब्द अगदी स्वच्छ ऐकू येत होता.

"काका, गेल्या वर्षी वाढवलंत. त्याच्या आदल्या वर्षीही वाढवलंत. नळाचं पाणी मात्र तेवढंच आहे," तो म्हणाला.

"परवडत नसेल तर तसं सांगा. जबरदस्ती नाही."

परवडत नव्हतंच. पण जे खरं आहे ते दुसऱ्याने दारात उभं राहून म्हटलं की माणसाला झोंबतं. तो म्हणाला, "परवडायचा प्रश्न नाही. आम्ही परदेशी चाललोय. महिनाअखेरीला घर सोडू. चार आठवड्यांसाठी कशाला तोंड वाईट करून घेताय?"

हे अगदीच खोटं नव्हतं. त्याचा मावसभाऊ सात वर्षांपासून परदेशी होता. तिथल्या एका दातांच्या लॅबमध्ये त्याने याचं नाव सुचवलं होतं, आणि चौपट पगाराचं पत्र गेले तीन आठवडे याच्या फोनमध्ये पडून होतं. उत्तर महिनाअखेरपर्यंत द्यायचं होतं. त्यावरून घरात रोज चर्चा व्हायची आणि रोज ती त्याच जागी येऊन बसायची.

घरमालक गेल्यावर बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "आपण परदेशी चाललोय?"

"नुसतं म्हणालो. भाडं वाढू नये म्हणून."

"आणि महिनाअखेरीला?"

"तेव्हा म्हणू, बेत रद्द झाला. ते तरी काय करणार आहेत?"

काय करणार ते सोमवारी कळलं. संध्याकाळी घरमालक एका जोडप्याला घर दाखवायला घेऊन आले, मंगळवारी दोन भावांना, आणि बुधवारी एका बाईंना. बाईंनी न्हाणीघराचा नळ सोडून पाहिला, कपाट उघडून आतल्या साड्या बाजूला सारून ओल आली आहे का ते बघितलं. खिडकीशी बायकोच्या सासूबाई, म्हणजे त्याची आई, बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघत बाईंनी घरमालकांना हळूच विचारलं, "या इथेच असतात का?"

"नाही, नाही. त्या यांच्या सामानात," घरमालक म्हणाले.

सासूबाईंना कमी ऐकू येतं असा सगळ्यांचा समज होता. तो समज त्यांनी स्वतःच जपला होता, कारण त्यामुळे घरात काय चाललंय ते त्यांना कळायचं. त्या दिवशी त्या जेवताना एवढंच म्हणाल्या, "परदेशी सामानाचं वजन करतात म्हणे."

त्याचा घास हातातच राहिला. आईला कुठे ठेवायचं, याच जागी ती परदेशाची चर्चा रोज येऊन बसायची.

गुरुवारी घरमालकांची कवळी सैल झाली. ती बसवून घ्यायला ते थेट तो नोकरी करायचा त्या लॅबमध्ये गेले आणि गप्पांच्या ओघात लॅबच्या मालकांना म्हणाले, "तुमचा कारागीर चालला की परदेशी. माझं पुढचं दुरुस्तीचं कोण बघणार?"

साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. जाताना त्याने मनात दोन वाक्यं जुळवून ठेवली. नऊ वर्षांची नोकरी, हातातलं कसब. साहेब थांब म्हणतील, पगार थोडा वाढवतील, मग आपणही मोठ्या मनाने थांबू. एका खोट्यातून काहीतरी चांगलं निघेल असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

"बस," साहेब म्हणाले. त्यांचे डोळे चक्क पाणावले होते. "तू मला सांगितलं नाहीस याचं वाईट वाटलं. पण खरं सांगू, तू माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवलंस."

"म्हणजे?"

"मशीन येतंय. कॉम्प्युटरवर जबड्याचं चित्र टाकायचं, की ते कवळी छापून देतं. पुढच्या महिन्यात बसतंय. तुला कसं सांगू, तुझं घर आहे, आई आहे, या विचाराने मला महिनाभर झोप नाही. देवासारखा धावून आलास बघ."

जुळवून ठेवलेली दोन्ही वाक्यं त्याने गिळली. साहेबांनी उठून त्याला मिठी मारली. शनिवारी निरोपसमारंभ झाला. सगळ्यांनी मिळून त्याला एक चाकांची मोठी बॅग दिली. तिच्यासाठी सगळ्यांच्या पगारातून सारखी वर्गणी कापली होती, आणि कुणाच्या लक्षात न आल्यामुळे त्याच्याही पगारातून.

बॅग ढकलत तो घरी आला तेव्हा बायकोने ती आत घेतली, उघडून बघितली आणि रिकामी आहे याची खात्री करून म्हणाली, "आता?"

"आता जाऊच. चौपट पगार आहे. घाबरायचं कशाला?"

बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. दिवसभर ती लोकांना गोळ्या मोजून द्यायची, आणि अर्धी पट्टी मागणारी माणसं वर्षागणिक किती वाढली हे तिला ठाऊक होतं. त्यामुळे चौपट या शब्दाने ती भारावली नाही. तिने मावसदिरांना फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि वही घेतली.

"भाऊजी, पगार चौपट, हे कळलं. घरभाडं किती?"

"वहिनी, आधी इथले रस्ते बघा तुम्ही."

"बघेन. भाडं?"

भाऊजींनी आधी बागा सांगितल्या. मग आकडा आला. तो पगाराच्या निम्म्याहून जास्त होता. त्यानंतर बायकोने प्रवास विचारला, डॉक्टर विचारला, विमा विचारला, थंडीत घर गरम ठेवायला काय पडतं ते विचारलं. ती तिथे लगेच नोकरी करू शकेल का, हेही विचारलं. तिची परीक्षा तिथे चालत नव्हती. पुन्हा द्यायची तर दोन वर्षं, आणि त्या दोन वर्षांची फी वेगळी. आईच्या खर्चाला पैसे पाठवायचे तेही धरले. वहीत शेवटी जे उरलं ते इथे उरतं त्याहून कमी होतं, आणि इथे तर काहीच उरत नव्हतं.

"भाऊजी, मग तुम्ही सात वर्षं कसे राहिलात?"

"दोघांत घर होतं ना. माझा जोडीदार गेल्या महिन्यात सोडून गेला, वहिनी. एकट्याला भाडं झेपत नाही. म्हणून तर याचं नाव मी इतकी धावपळ करून लावलं. तुम्ही आलात की आतली खोली तुमची, बाहेरची माझी. भाडं अर्धं-अर्धं."

"मगाशी सांगितलंत ते भाडं पूर्ण घराचं की अर्ध्याचं?"

"अर्ध्याचं," भाऊजी म्हणाले, आणि त्यांच्याकडे रेंज गेली.

दोघं वहीकडे बघत बसले. लग्नाला सहा वर्षं झाली होती. मूल कधी, असं कुणी विचारलं की ती 'भाडं वाढायचं थांबलं की' म्हणायची, आणि लोक हसायचे. आता ती वहीत बघून हिशेब नव्हे, दुसरंच काहीतरी वाचत असल्यासारखी दिसत होती.

"नाही जायचं," ती म्हणाली. "उद्या काकांना सांग, पंचवीस टक्के देतो. साहेबांना सांग, मशीन तर मशीन, ते चालवायला माणूस लागेलच."

रविवारी सकाळी तो स्वतः घरमालकांच्या दारात उभा राहिला. या वेळी चपला काढून.

"काका, आम्ही राहतोय. तुमची भाडेवाढ मान्य आहे."

घरमालकांना खरोखरच वाईट वाटलं. "आधी बोलायचं होतंत. घर दिलं मी. आगाऊ रक्कमही घेतली. ते दीडपट देतायत. तुम्ही देत असाल दीडपट, तर शब्द फिरवायला मी तयार आहे. जुनं नातं आहे आपलं." एवढं बोलून त्यांनी त्याला चहा विचारला. तो नको म्हणाला, कारण या चहाचीही वाढ कुठूनतरी वसूल होईल असं त्याला वाटलं.

सोमवारी साहेबांनीही त्याला नाही म्हटलं नाही. मशीन चालवायला एकवीस वर्षांची एक मुलगी घेतली होती, तिला कॉम्प्युटर येत होता. छापून आलेल्या कवळ्यांच्या कडा घासायला मात्र कुणीतरी हवं होतं. "अर्ध्या पगारावर बघ. तुला लाज वाटेल, म्हणून मी आपणहून विचारणार नव्हतो," साहेब म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्याची थोरली बहीण, ताई, आली. फ्रिज ती परदेशी जायच्या बातमीबरोबरच मागून बसली होती. आता ती टेम्पो घेऊनच आली.

"ताई, आमचं जायचं अजून नक्की नाही."

"असं कसं? मी माझा जुना विकला." मग आवाज उतरवून ती म्हणाली, "आईलाही नेते मी, काळजी करू नकोस. पण तिच्यासाठी तू तिथून जे पाठवणार म्हणालास, त्यात कमी-जास्त करू नकोस. त्या हिशेबानेच मी यांना तयार केलंय."

आई खिडकीशीच होती. तिने स्वतःची पिशवी कधीच भरून ठेवली होती. मुलगा जवळ गेला तेव्हा ती म्हणाली, "फ्रिज आधी चढवा. तो आडवा पडायला नको. मी पुढे बसेन."

टेम्पो गेल्यावर तो बराच वेळ जिन्यात उभा राहिला. आठवडाभरात सगळ्यांनी त्याला अभिनंदन, शुभेच्छा, बॅग, मिठी, सगळं दिलं होतं. एकाही माणसाने 'जाऊ नकोस' म्हटलं नव्हतं. आईने म्हटलं असतं, तर टेम्पोत तिच्यासाठी जागा नाही, असं कदाचित त्याने ताईला सांगितलं असतं.

तीन दिवसांनी नवा भाडेकरू पडद्यांचं माप घ्यायला आला. पंचेचाळिशीचा, केस पिकलेले, हातात मोजायची टेप. फार हळू बोलायचा, शेजारी कुणीतरी झोपलेलं असावं तसा. बायकोने त्याला खुर्ची दिली आणि राहवलं नाही म्हणून विचारलंच, "दीडपट भाडं परवडतं तुम्हाला? काय करता तुम्ही?"

"काही नाही अजून. परदेशातून आलोय. एसी दुरुस्त करायचो तिथे. अकरा वर्षं."

नवरा-बायकोने एकमेकांकडे बघितलं. "तिथे परवडत नाही म्हणतात," नवरा म्हणाला.

"तिथे नाहीच परवडत. तिथे राहिलो कुठे मी? एका खोलीत सात जण होतो. तिथला पगार घ्यायचा आणि इथल्यापेक्षा वाईट राहायचं, तर उरतं. त्या पैशावर आता हे घर घेतलंय, भाड्याने." त्याने खिडकीची रुंदी मोजली, तळहातावर पेनाने आकडा लिहिला. "निघालो तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. आता मला 'तुम्ही' म्हणते. पाहुण्यांना म्हणतात तसं."

"म्हणजे या घरात राहायचं, तर आधी परदेशी जाऊन यावं लागतं," नवरा म्हणाला. तो चेष्टेने म्हणाला होता, पण समोरच्याने विचार करून मान हलवली.

"हो. पण जायचं तर लवकर निघा. दरवर्षी एखादं वर्ष जास्त लागतं."

बायकोने मात्र वही काढली. "सात जण एका खोलीत झोपता कसे?"

"सात कुठे झोपतात? चार झोपतात, तिघं कामावर असतात. पाळ्या असतात." त्याने खाली बसून फरशीवर टेप पसरली. फ्रिज होता तिथे आता चौकोनी स्वच्छ जागा पडली होती. "रुंदी दोन फूट. लांबी एवढी. इतकी एकाची."

"आणि दोघांना?"

"दोघांनी नाही जायचं, ताई. दोघं गेलात की घर लागतं. मग तिथेच संपतं सगळं. एकाने जायचं."

बायको बराच वेळ त्या दोन फुटांकडे बघत राहिली. नणंदेकडे सासूबाईंबरोबर आपल्यालाही पिशवी भरून जावं लागेल, हे तिला त्याच वेळी कळलं असावं, कारण तिने वहीतलं दोघांच्या हिशेबाचं पान सरळ फाडलं आणि नव्या पानावर एकट्याचा मांडायला घेतला. या वेळी बेरीज जमत गेली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच शेवटी काहीतरी उरत होतं.

"उरतंय," ती म्हणाली. तिचा आवाज आनंदाचा नव्हता. "भाऊजींना विचारते, बाहेरच्या खोलीत नुसती झोपायची जागा देतात का." आणि मग वहीतून डोकं वर न करता, "किती वर्षं म्हणालात?"

"अकरा. मी गेलो तेव्हा सहा म्हणाले होते."

नवरा आता उठला, टेपच्या शेजारी फरशीवर आडवा झाला आणि हात अंगाशी घेऊन बघायला लागला. रुंदीला बसत होता. पाय मात्र बाहेर येत होते.

"दुमडायचे," नवा भाडेकरू म्हणाला आणि टेप गुंडाळली. "पहिलं वर्ष दुखतात."