उषाबाईंचा राहिलेला अर्धा पिक्चर

उखानं ठरवलं म्हणजे ठरवलं! सुरतच्या अख्ख्या लिंबायतमध्ये कुणी बायकोसाठी केलं नसेल, ते तो करणार होता. डॉक्टरांनी उषाबाईंना घरी पाठवलं होतं. "आता हवं ते खाऊ घाला," म्हणाले होते. पण उषाबाईंना खायचं नव्हतंच. त्यांना पिक्चर बघायचा होता!

लग्नाच्या नवलाईत दोघं एका जुन्या इंग्रजी पिक्चरला गेले होते. भाषा ओ की ठो कळली नाही. पण हिरो लढाईवर निघाला, हिरॉईन बंदरावर उभी राहिली आणि उषाबाईंचा पदर ओला झाला. तेवढ्यात इंटरव्हल! उखाची कापड कारखान्यात लूमवर पाळी होती. त्यानं बायकोला तसंच ओढत घरी आणलं. तेव्हापासून भाकरी थापता थापता त्या विचारायच्या, "अहो, तो परत आला असेल का हो?"

गणपती मंडळाच्या पोरांनी तोच पिक्चर शोधून दिला, मंडळाचा प्रोजेक्टरही मिळाला. उखानं पडद्यासाठी कारखान्यातून पांढरं कोरं कापड घेतलं, ते ताणायला दोन बांबू आणि सुतळी घेतली, अन् भरदुपारी रिक्षातून गल्लीत उतरला. शेजारच्या कलाबाईंच्या हातातलं सूपच पडलं.

"उखाभाऊ... उषा?"

बायकोला आधी कळू नये म्हणून त्यानं ओठांवर बोट ठेवलं. "संध्याकाळी या सगळे," हळूच म्हणाला.

झालं! कापड, बांबू, सुतळी! अजून काय सांगायला हवं? कलाबाईंनी थेट खानदेशात, उषाबाईंच्या माहेरी फोन लावला.

दिवेलागणीला पिक्चर सुरू झाला न झाला, तोच दारात भाड्याची जीप थांबली. "व माय वं!" करत सगळे भाऊबंद आत घुसले. उषाबाईंचा धाकटा भाऊ धुडकू सगळ्यांत पुढे, छाती बडवत!

खाटेवरून आवाज आला, "धुडकू, बाजूला सरक. पडदा दिसत नाही."

धुडकू किंचाळलाच! मग मुकाट खाली बसला. सगळेच बसले. हिरॉईनचे केस पांढरे झाले, तरी ती बंदरावरच. जहाजं आली, गेली. पिक्चर संपला. रडायलाच आलेल्या बायका पोटभर रडल्या.

उषाबाई रडल्या नाहीत. "नाही आला?" एवढंच म्हणाल्या. तो चेहरा उखाला बघवेना.

"अगं, दुसरा भाग आहे ना! त्यात येतो तो!" त्यानं ठोकून दिलं.

"मग तो बघितल्याशिवाय मी जात नाही," उषाबाई म्हणाल्या आणि चहा मागितला.

उखा मोरीत गेला आणि तोंडात टॉवेल कोंबून ढसाढसा रडला. कुठून आणणार होता तो दुसरा भाग? मागून धुडकू आला. त्यानं खांद्यावर हात ठेवला, स्वतःचे डोळे पुसले आणि कुजबुजला,

"दाजी, दुसरा भाग कधी लावताय? नाही म्हणजे... जीप थांबवू की सोडू?"