नानांचा तिसऱ्या नंबरचा संघ

धुळ्यातल्या आमच्या देवपूरच्या गल्लीत दुपारी अडीच वाजता जपानी ऐकू येते. सगळी गल्ली जेवून आडवी झालेली असते. शेजारच्या प्रल्हादनानांच्या ओट्यावर मात्र कोणी जपानी माणूस घसा फोडून ओरडत असतो, आणि नाना धुतलेला सदरा घालून, पाण्याच्या तांब्याला मोबाइल टेकवून त्याचं म्हणणं लक्षपूर्वक ऐकत असतात. त्यातलं त्यांना एक अक्षर कळत नाही.

"शब्दाचं काय करायचं, भाऊ? आवाजावरून समजतं, आपला बुडून रायला."

'आपला' म्हणजे जपानमधल्या एका शहराचा व्यावसायिक बेसबॉल संघ. नाना मूळचे सावद्याचे. जन्मभर केळीच्या बागा पारखून त्यांनी दिल्लीला माल पाठवला. मुलगी वैशाली नर्सिंग शिकायला धुळ्याला आली, तेव्हा तिच्यासोबत तेही आले. बायको आधीच गेली होती. पुढे वैशाली जपानला एका वृद्धाश्रमात नोकरीला गेली. नाना इथेच राहिले. सामने दिसायची सोय तिनेच त्यांच्या मोबाइलवर करून दिली.

मी नोकरीने लेखापाल. आकडा दोनदा पडताळल्याशिवाय मला चैन पडत नाही. या खेळात दहापैकी सात वेळा बाद होणाऱ्याला उत्तम फलंदाज म्हणतात, हे कळलं तेव्हा मी नानांना म्हणालो, "आमच्या ऑफिसात अशा माणसाला घरी बसवतील."

"पन बाकीच्या सात वेळा बी तो मनापासून फिरवतो," नाना म्हणाले. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मीही त्या ओट्यावर बसू लागलो.

यंदा संघ कसाबसा तिसरा आला आणि ऑक्टोबरमधल्या प्लेऑफला पोहोचला. तिसऱ्याने दुसऱ्याच्या मैदानावर जायचं, तीनपैकी दोन जिंकायचे, नाहीतर घरी. मी हिशेब मांडला. बाहेरगावी आपल्या धावा आटतात. फेकणारे चांगले, पण थकलेले. झेल पकडण्यात संघ वरचढ, पण झेलांनी धावा होत नाहीत. बेरीज कुठूनही केली तरी काळजीच निघत होती.

नानांचा हिशेब वेगळा होता. केळ्याला कडा असतात तोवर ते कच्चं. कडा गोल झाल्या की कापून उपयोग नाही, ते दिल्लीच्या वाटेतच पिकतं. नाना प्रत्येक गड्याच्या कडा बघत.

"हा डावखुरा फेकणारा पाहा. बठ्ठे लोक याला नावाजतात. पन कडा गोल झाल्या याच्या. वाटेत काळा पडीन."

"नाना, संघात सगळ्यात कमी धावा त्यानेच दिल्यात."

"तुम्ही आजचा भाव सांगून रायले, भाऊ. मी दिल्लीचा विचार करतो. तो शेवटी फेकायला येणारा पोरगा आहे ना, तो हिरवागार. तो टिकीन."

त्या आठवड्यात नानांचं जेवण सुटलं. माझी बायको पक्की धुळ्याची. तिने दिलेलं ताट परत आलं की ती झाकण उचलून अहिराणीत म्हणे, "बठ्ठा भात तसाच शे." सगळाच्या सगळा. शेवटी मी विचारलं, "नाना, हरले तर हरले. आपलं काय जातं?"

नानांनी तांब्या पुसला, जागेवर ठेवला.

"पहिले वैशूचा फोन दोन मिनिटांत संपायचा. गोळी घेतली का? घेतली. जेवले का? जेवलो. मंग दोघं चूप. तिच्या आश्रमातले म्हातारे हा संघ पाहतात, ती त्यांच्याजवळ बसते. एक दिवस मला म्हने, आबा, तुम्ही बी पाहा. आता सामना संपला की अर्धा तास भांडते माझ्याशी. म्हने, तुम्हाला डावखुऱ्यातलं काही समजत नाही." ते थोडं हसले. "हे हरले की मार्चअखेरपर्यंत सामना नाही, भाऊ."

त्यानंतर मला माझ्याच बेरजेची भीती वाटू लागली. मी ती पुन्हा केली. उत्तर तेच आलं.

पहिला सामना जिंकलो. दुसरा हरलो. तिसऱ्याला मी रजा टाकली. नानांनी नापास केलेल्या डावखुऱ्याने अप्रतिम फेक केली, आणि आपण एका धावेने पुढे राहिलो. शेवटच्या डावात नानांचा तो हिरवागार पोरगा फेकायला आला. त्याने एकाला फुकट पुढे जाऊ दिलं. पुढच्याने मारलेला चेंडू थेट प्रेक्षकांत जाऊन पडला, दोन धावा झाल्या आणि आपण हरलो. मोबाइलमधला माणूस खूप वेळ ओरडत होता. नानांनी आवाज बंद केला.

"कच्चा नाही, कोवळा निघाला," ते म्हणाले. "पारखायला चुकलो मी."

मी उठलो नाही. फोन आला तो बऱ्याच वेळाने.

"हो, पाहिलं... हो, तुझा डावखुरा खरा निघाला. गोळी घेतली... जेवतो आता." मग नाना गप्प झाले. पलीकडूनही काही ऐकू येईना. त्यांचा अंगठा तांब्याच्या काठावरून फिरत होता.

"वैशू," ते एकदम म्हणाले, "पुढच्या सालासाठी कोन ठेवायचा, कोन काढायचा, हे पाहावं लागीन ना? एकेक गडी घेऊ. रोज एक."

मी सवयीने भागाकार केला. संघातले सगळे गडी, खालच्या फळीतलेही, रोज एक घेतला तर मार्च सोडाच, जानेवारीपर्यंतही पुरत नव्हते. मी नानांसमोर दोन बोटं धरली. नानांनी ती नीट पाहिली.

"नाही ग, थांब," ते फोनवर म्हणाले. "एकाला दोन दिवस लागतीन. घाईनं माल पारखू नये."