साबणाची दाढ

वैशालीताईंच्या घरी हात धुवायला गेलं की साबणाच्या वडीऐवजी हातात दाढ येते. साबणाचीच, पण तीन मुळं, वरचे उंचवटे, मधली खाच, सगळं जागच्या जागी. पहिल्यांदा मी घाबरून ती परत ठेवली आणि नुसत्या पाण्यानं हात धुतले. ताईंनी ओळखलंच.

“अगं, घास की! वरची दाढ आहे ती. झिजली की दुसरी कोरते.”

ताई परभणीकडच्या, दातांच्या डॉक्टर. गावाकडे आठ वर्षं दवाखाना चालवला. मग इकडे कतारमध्ये, रास लफानच्या गॅस प्रकल्पात इंजिनियर असलेल्या संदीपदादांशी लग्न झालं आणि त्या दोह्यात, अल मुंतझाला, आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आल्या. माझे पप्पा कंपनीची बस चालवतात. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. ताईंचं आणि इथल्या डॉक्टरी लायसन्सच्या वेबसाइटचं जमत नव्हतं, म्हणून कागद स्कॅन करून चढवायला त्यांनी मला धरलं. मला तरी कुठे येत होतं! पण नाही म्हणायचा धीर झाला नाही.

इथलं लायसन्स मिळेपर्यंत कुणाच्या तोंडाला हात लावायचा नाही, हा नियम ताई फारच कडक पाळायच्या. समोरच्यानं जांभई दिली तरी त्यांचे हात आपोआप पाठीमागे जायचे. एकदा पप्पांचा गाल सुजला. पप्पा जिना चढून गेले आणि त्यांनी दारातच आ केला. ताईंनी हात मागे बांधले आणि छताकडे बघत म्हणाल्या, “काका, मी काही बघितलं नाही. पण आजच्या आज दवाखान्यात चला. यल्ला!” आणि स्वतः दोन तास पप्पांशेजारी बसून आल्या. आतल्या डॉक्टरनं काय केलं ते मात्र खोदून खोदून विचारलं.

“हात विसरतात गं, कोमल,” त्या साबण कोरताना म्हणायच्या. प्रॅक्टिसमधला खंड वाढत गेला तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल, ही त्यांना धास्ती होती. आधी कागदांची पडताळणी, मग परीक्षा, असं त्यांनी ठरवलं होतं.

पडताळणी अडली नावावर. डिग्रीवर निर्मला ज्ञानोबा पवार. पासपोर्टवर वैशाली संदीप जगताप. आमच्याकडे यात कुणाला काही वाटत नाही. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, झालं. पण उत्तर आलं की अर्जदार आणि डिग्रीधारक या दोन वेगळ्या बायका दिसतात, पुरावा जोडा.

“बरं झालं,” संदीपदादा म्हणाले. “माझं लग्न कुणाशी झालंय तेही कळेल.”

“गप बसा हो. नाव तुम्हीच लिहिलंत!”

तेवढ्यात ताईंना एक कल्पना सुचली, आणि मलाही ती पटली, हे कबूल करायला हवं. लग्नाच्या अल्बममध्ये त्या ताटाचा फोटो होता. तांदळात ‘वैशाली’, बाजूला हळदीचे हात. आम्ही तो स्कॅन करून चढवला. चार दिवसांनी उत्तर आलं: कागद इंग्रजीत नाही, प्रमाणित भाषांतर जोडावं.

ताई आधी हसल्या. मग त्यांनी फोटो अल्बममध्ये परत लावला. “तांदळाचं भाषांतर कोण करून देणार गं?” असं म्हणून त्यांनी फोन उचलला. भावाला परभणीहून पळवलं, प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्रात नाव छापून आणलं. महिनोन्‌महिने गेले. बेसिनवर सगळ्या बत्तीस दातांची पाळी येऊन गेली. पण ताईंनी एकदाही ‘नको आता’ म्हटलं नाही. “होतंय की,” एवढंच.

मला ताणून धरता येत नाही, म्हणून सांगूनच टाकते: ताई पास झाल्या. आता मुऐदरच्या एका दवाखान्यात बसतात. पप्पा त्यांचे पहिले पेशंट. दारावर पाटी आहे, डॉक्टर वैशाली जगताप.

पण मला आठवते ती परीक्षेची सकाळ. दादांची शिफ्ट होती, म्हणून सोबत मी गेले. दारापाशी ताई थांबल्या. हात मागे बांधलेले.

“कोमल, एक काम कर. मला निर्मला म्हणून हाक मार.”

“का?” मी विचारलं.

“दाढा कोरायला शिकली ती निर्मला. आता आत सगळे वैशाली म्हणणार. आईसुद्धा जावयासमोर वैशालीच म्हणते. बाबा होते तोवर फोनवर तरी निर्मला ऐकू यायचं. ते गेले, खलास. तिला कुणी सांगायला नको का, परीक्षा आहे म्हणून?”

मोठ्या माणसाला नुसत्या नावानं कशी हाक मारायची? मी कशीबशी म्हणाले, “निर्मला.”

“अशी नाही. बाबा अंगणातून मारायचे. जोरात.”

रांगेत दहा-बारा माणसं होती. माझे कान तापले. पण ताई माझ्याकडे पाठ करून थांबून राहिल्या होत्या.

“निर्मलाऽऽ!”

त्यांचे मागे बांधलेले हात सुटले.

“आले, आले!” ताई म्हणाल्या आणि मागे न बघता आत गेल्या.