मेश्रामकाकांचे कॉलेट

मेश्रामकाका किल्ली कुलपात घालण्याआधी पुसत. खिशातून पिवळं फडकं काढायचं, चष्मा कपाळावर चढवायचा आणि किल्लीचा दात न् दात पुसायचा. टीव्हीचा प्लगसुद्धा पुसून मगच सॉकेटमध्ये जाई. लिफ्टमध्ये शिरण्याआधी ते चपला पायपुसण्यावर इतका वेळ घासत, की लिफ्ट त्यांना सोडून निघून जाई.

"काका, एवढं काय?" मी एकदा विचारलं.

"अंजू, आत कचरा राहिला की काम वाकडं होतं," ते गंभीरपणे म्हणाले. "कॉलेटचा नियम आहे तो."

गुडगावात तेव्हा आमच्या सोसायटीपलीकडे मोहरीची शेतं होती आणि अर्धवट बांधलेले टॉवर होते. मेश्रामकाका आणि प्रमिलाकाकू आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. मूळचे नागपूरकडचे. काकांची सगळी नोकरी एका सरकारी वर्कशॉपमध्ये गेली होती, संसार दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. निवृत्त झाल्यावर लोक बाल्कनीत तुळस लावतात. काकांनी बाल्कनी बंद करून तिथे छोटं मिलिंग मशीन बसवलं. धातू कोरायचं मशीन. कशासाठी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

कॉलेट म्हणजे काय, हे मात्र सगळ्या मजल्याला ठाऊक झालं. बोटाएवढी पोलादी नळी, तिला उभ्या चिरा दिलेल्या. नट आवळला की ती सगळीकडून सारखी मिटते आणि आतल्या कटरला घट्ट धरते. देशाची दारं उघडली तेव्हा आमच्या घरी केबल आली, वरच्या चोप्रांकडे नवी गाडी आली. काकांकडे परदेशी कॉलेटचा अख्खा संच आला, लाकडी पेटीत, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने. "उदारीकरण बिल्कुल बरोबर झालं," असं ते त्या पेटीकडे बघून म्हणत.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये जनरेटरवरून चोप्रा टेबलावर मुठी आपटत होते, तेव्हा काका शांतपणे उठले. "चोप्राजी, खाली कॉलेट कभी नहीं कसना चाहिए. आत कटर नसताना आवळला की तो स्वतःच खराब होतो." निम्मं हिंदीत, निम्मं मराठीत. चोप्रांना काहीच कळलं नाही, पण ते खाली बसले.

नंतरच्या हिवाळ्यात काकूंना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, पाय घासत का होईना, चालणंही आलं. उजव्या हाताची बोटं मात्र मिटेनात. डावा हात आधीच संधिवाताचा. शाळेत आयुष्यभर खडू धरलेली बाई, पण आता चमचाही धरता येईना.

एका दुपारी काका दिल्लीला बाजारात गेले होते. समोरून ठकठक ऐकू आली. त्यांची किल्ली आमच्याकडे असायची. मी धावत गेले. काकू बाथरूममध्ये होत्या. मी दाराची मूठ फिरवली आणि ते सहज उघडलं. काकू स्टुलावर बसलेल्या, ओल्या हातांनी, रडून डोळे लाल झालेले.

"कडी नव्हती ग लावलेली," त्या म्हणाल्या. "दार उघडंच होतं. मलाच ती मूठ फिरवता आली नाही."

नव्या फ्लॅटांना तेव्हा पितळी, गोल, गुळगुळीत मुठी बसवायची फॅशन होती. दिसायला सुरेख.

काका परतल्यावर मी सगळं सांगितलं आणि सुचवलं, "दार नुसतं लोटून ठेवायचं. नाहीतर दिवसभराची बाई ठेवा."

"दार लोटून माणूस न्हाणीत कसं जाईल?" ते म्हणाले. "ती मास्तरीण आहे, अंजू." आणि ते बाल्कनीत गेले.

दुसऱ्या दिवसापासून मशीनची घरघर सुरू झाली. काकांना गोल मुठीच्या जागी लांब दांडी हवी होती. मनगटाने, कोपराने, कशानेही दाबली की दार उघडावं. पहिली दांडी काकूंना जड झाली. दुसरी टोचली. तिसऱ्या दांडीच्या कडेवर बारीक लाटा उठल्या. आम्हाला दिसतही नव्हत्या, पण काकूंच्या अंगठ्याला लागल्या. काकांनी कॉलेट काढून पाहिला. आत धातूच्या भुशाचा एक कण अडकला होता, त्याने कटर थरथरत होता. काका स्वतःवरच इतके चिडले, की त्या दिवशी जेवले नाहीत.

मग एका सकाळी ते उजव्या हातात लोकरीचा मोजा घालून, वर सुतळी बांधून जिन्यात भेटले. त्याच हाताने ते घरातलं प्रत्येक दार उघडून बघत होते. चहाही तसाच पीत होते, शर्टावर सांडत. तक्रार करायला आलेले चोप्रा तो मोजा बघून दारातच थांबले.

"तबीयत तो ठीक है, मेश्राम साहब?"

"मेरी ठीक है," काका म्हणाले. "मशीन का शोर आठ-दस दिन और झेल लीजिए."

चोप्रा वर गेले. पुन्हा तक्रार आली नाही.

सगळ्या दारांना दांड्या लागल्या आणि घरघर थांबली. नंतर एका रविवारी मी पुरणाचं पातेलं घेऊन त्यांची बेल वाजवली. आतून, अगदी दाराजवळून काकांचा आवाज आला, "प्रमिला, कोणी आलंय."

"काका, मी अंजू. उघडा ना, पातेलं गरम आहे!"

"थांब जरा. ती येते आहे."

पातेलं चटके देत होतं. आतून पाय घासत येण्याचा आवाज आला. दांडी थोडी खाली गेली, परत वर आली. पुन्हा गेली, पुन्हा वर. काका अवघ्या हातभर अंतरावर होते आणि काही करत नव्हते.

तिसऱ्यांदा दांडी पूर्ण खाली गेली.

दारात काकू होत्या, कपाळावर घाम. त्यांच्या मागे काका, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत इतके घट्ट अडकवलेले, की खांदे वर आले होते.

"ये ग," काकू म्हणाल्या. "आत ये."